फोटोवाल्यांचा उजवा गाल

त्या रस्त्यावरच्या एकूण एक माणसाच्या चेहऱ्यावर काय काय आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, ते गृहस्थ डॉक्टर नव्हते, फोटोवाले होते. बँकेतल्या बाईंच्या गालांवरचे वांग, शाळेतल्या सरांच्या मानेवरच्या चामखिळी, बेकरीवाल्याच्या दाढीतली चाई, कॉलेजातल्या पोरापोरींचे मुरूम, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर हातभर मोठं होऊन आलेलं होतं आणि सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलेलं होतं. ओळखपत्राचा फोटो असो की भिंतीवर लावायचा आजोबांचा, फोटोवाल्यांच्या दुकानातून माणूस बाहेर पडायचा तो चांगला तुकतुकीत होऊनच. फोटोत आपण ओळखू येत नाही अशी तक्रार कोणी करत नसे, कारण ओळखू न येण्यासाठीच तर लोक त्यांच्याकडे येत.

तक्रार घेऊन आजवर एकच गिऱ्हाईक परत आलं होतं, त्या म्हणजे डॉक्टरीणबाई. मागच्याच गल्लीत त्यांनी त्वचारोगाचा नवा दवाखाना काढला होता आणि दारावरच्या पाटीसाठी त्यांना फोटो हवा होता. बाईंना कोड होतं. डाव्या डोळ्याभोवती, ओठांच्या कडेला आणि हातांच्या बोटांवर पांढरे डाग होते. फोटोवाल्यांनी आख्खी दुपार घालवून ते डाग असे काही साफ केले की त्यांना स्वतःलाच स्वतःचं कौतुक वाटलं. बाईंनी फोटो हातात घेतला, उजेडात धरला आणि शांतपणे विचारलं, "ह्या कोण?"

तुम्हीच, असं फोटोवाले म्हणाले. बाई म्हणाल्या की मला बहीण असती तर अशी दिसली असती कदाचित, पण मला बहीण नाही, तेव्हा माझा चेहरा मला परत द्या. फोटोवाल्यांनी तोंड वाकडं करून डाग होते तसे ठेवून दिले. पाटी लागली. जाता येता ती दिसली की त्यांना आपलंच काम अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. जिला स्वतःचं कोड बरं करता येत नाही ती दुसऱ्याचं काय बरं करणार, असं ते आधी बायकोला म्हणाले, मग न्हाव्याकडे मान खाली घालून बसले असताना म्हणाले. न्हाव्याकडे बोललेलं वाक्य कुठवर जातं हे सांगायला नकोच.

आणि मग एका सकाळी दाढी करताना त्यांना स्वतःच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, एक फिकट डाग दिसला.

आधी त्यांनी आरसा पुसला. मग गाल पुसला. मग चष्मा पुसून तो नाकावर चढवला आणि तिसऱ्यांदा पाहिलं. डाग होता. बाजूची कातडी सावळी आणि मध्येच रुपयाएवढी जागा पांढरट. कोड, दुसरं काय असणार!

एरवी एवढी पाचावर धारण बसली नसती, पण मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मुलाचं आणि तिचं परस्परच जमलं होतं आणि दोन्ही घरांनी मागाहून मान डोलावली होती. मुलगा चांगला होता. धास्ती होती ती व्याह्यांची. व्याही पाणीपुरवठा खात्यात तपासनीस म्हणून सगळी नोकरी करून निवृत्त झालेले. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काय तरंगतंय ते शोधण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस समोर बसलेल्या व्याह्याच्या गालावरचा डाग सोडेल होय? हे घराण्यात आहे का म्हणून विचारील, पुढच्या पिढीचं काय म्हणून विचारील, आणि मग विचार करून कळवतो म्हणेल. फोटोवाल्यांनी हे सगळं दाढीचा फेस वाळेपर्यंत मनात बघून घेतलं. आत स्वयंपाकघरात मुलगी गुणगुणत होती. शाळा सुटल्यापासून तिने कधी गाणं म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि लग्न ठरल्यापासून ती भांडी पुसतानासुद्धा गात होती. ते गाणं आपल्या गालापायी बंद पडणार, या विचाराने त्यांना चहा गोड लागेना.

त्यांनी लपवाछपवी सुरू केली. आधी पावडर लावून पाहिली. मग ऐन उन्हाळ्यात गळ्यापासून गालापर्यंत लोकरी मफलर गुंडाळला आणि दाढ दुखते म्हणून सांगितलं. बायकोने त्यांना हाताला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे त्यांच्या धडधाकट दाढा सगळ्यांनी मिळून तपासल्या, काही सापडलं नाही म्हणून निदान दात तरी साफ करून दिले, आणि फोटोवाले तोच मफलर, तोच डाग आणि चकचकीत दात घेऊन घरी आले.

मग ते औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने कोणासाठी म्हणून विचारलं, यांनी पाहुण्यांसाठी म्हणून सांगितलं. पाहुण्यांना नायटा आहे, इसब आहे, खरूज आहे की आणखी काही, हे यांना सांगता येईना. काही हरकत नाही, दुकानदार म्हणाला, सगळ्यावर एकच ट्यूब चालते. चार दिवस ट्यूब चोळल्यावर गाल मऊ लागू लागला आणि फोटोवाल्यांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या आठवड्यात डाग आणखी पांढरा पडला, कडेने पसरला आणि वर चमकूही लागला.

आता खऱ्या डॉक्टरला गाठायला हवं होतं, पण तो मागच्या गल्लीतला नको होता. त्यांनी फोनवर जवळपासचे त्वचेचे डॉक्टर शोधायला घेतले. पहिला पत्ता निघाला तो ब्यूटी पार्लरचा. दुसऱ्या ठिकाणी बाकावर चार कुत्री आणि एक मांजर नंबर लावून बसलेली होती. तिसऱ्या जागी एका टाय लावलेल्या माणसाने यांचा गाल पाहिलाच नाही. त्याने यांचं डोकं पाहिलं आणि अजून वेळ गेलेली नाही, केस लावता येतील असं सांगितलं. यांच्या डोक्यावर केसांचं रान होतं. चौथा पत्ता काढायला ते बसले तेव्हा फोनने थेट डॉक्टरीणबाईंची पाटीच दाखवली, डोळ्याभोवतीच्या डागासकट, आणि इतक्या जवळ आहे की चालतच जा असंही सुचवलं. फोटोवाल्यांनी फोन पालथा घातला.

डॉक्टर सापडेना म्हणून त्यांनी वाचन सुरू केलं, ते तर आगीतून फुफाट्यात. इसबाबद्दल वाचलं की कोपर खाजायचं, सोरायसिसबद्दल वाचलं की गुडघे चुरचुरायचे, नागिणीबद्दल वाचलं की कमरेत आग व्हायची. खरजेचं पान तर त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, कारण बसवेना. एवढं वाचून गालावर काय आहे ते काही कळलं नाही, मात्र उरलेल्या अंगावर काय काय होऊ शकतं ते सविस्तर कळलं.

बायकोला हे सगळं केव्हाच समजलं होतं. उशीच्या अभ्र्याला पावडर लागत होती आणि ट्यूब चपलांच्या कपाटात सापडली होती. नवरा स्वतःहून सांगेल म्हणून ती थांबली होती, शेवटी तिनेच विषय काढला.

"अहो, बाईंकडे जाऊन या ना."

कुठल्या तोंडाने जाऊ, असं त्यांनी विचारलं. ज्या तोंडावर डाग आहे त्याच तोंडाने, असं ती म्हणाली. पण नवऱ्याचा चेहरा एवढासा झालेला पाहून तिने जरा सबुरीने घेतलं. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी फोटो पाठवला तरी बाई बघून सांगतात, मी माझ्या फोनवरून पाठवते, माझे लांबचे दीर आहेत म्हणून कळवते, एवढा एक फोटो तुम्हाला नीट काढता येईल ना, असं तिने विचारलं.

हा प्रश्न फोटोवाल्यांना झोंबला. दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी दिवे लावले, स्टुलावर बसून स्वतःचाच गाल टिपला आणि फोटो कॉम्प्युटरवर घेतला. डाग अगदी स्पष्ट आला होता. उजेड तेवढा थोडा सारखा करू म्हणून त्यांनी माउसवर हात ठेवला, आणि नेमका तेव्हा व्याह्यांचा फोन आला.

व्याही उत्साहात होते. येत्या रविवारी ते सहकुटुंब येणार होते आणि दोन्ही घरांचा मिळून एक फोटो काढायचा त्यांचा बेत होता. फोटो तुम्ही काढायचा नाही, तुम्ही मधोमध उभं राहायचं, तुमच्या समोरच्या दुसऱ्या फोटोवाल्याला मी परस्पर सांगून ठेवलंय, असं त्यांनी बजावलं. वर, आमच्याकडे असे फोटो दारासमोरच्या भिंतीवर मोठे करून लावतात, आल्यागेल्याने बघावेत म्हणून, हेही सांगितलं. फोटोवाले हो हो म्हणत राहिले. डोकं त्या भिंतीवर अडकलं होतं, आणि हात मात्र तीस वर्षं जे करत आला तेच करत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी फोटो बायकोच्या फोनवर पाठवला, तिने तो दवाखान्यात पाठवला आणि दोघं उत्तराची वाट बघत बसली.

उत्तर लवकरच आलं. बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"तुमच्या दिरांच्या गालाला काहीही झालेलं नाही. इतका निर्मळ गाल मी आजवर पाहिला नाही. ही सफाई मात्र माझ्या ओळखीची आहे. फोटोवाल्यांना म्हणावं, फोटो नको, गाल घेऊन या."

फोटोवाल्यांनी तो फोटो उघडून पाहिला. डागाचा मागमूस नव्हता. गालावरची जुनी खळी आणि डोळ्याखालच्या सुरकुत्याही गेल्या होत्या. बायको पदर तोंडाला लावून हसत होती आणि ते आपल्या उजव्या हाताकडे, घरातल्या माणसाने दगा दिल्यासारखे, बघत राहिले.

आता जाणं भाग होतं. कोणी विचारलंच तर कामाला आलोय म्हणून सांगायला त्यांनी गळ्यात कॅमेरा अडकवला. दवाखान्याचं दार ढकललं आणि बघतात तो काय, बाकांवर सगळं त्यांचंच गिऱ्हाईक बसलेलं. बँकेतल्या बाई होत्या, शाळेतले सर होते, बेकरीवाला होता. फोटोवाले इतकी वर्षं ज्यांना पुसत आले ती सगळी माणसं इथे न पुसलेली बसली होती आणि एकमेकांशी मजेत गप्पा मारत होती. हे आत आले तशा गप्पा थांबल्या. फोटोचं काम आहे, असं हे कोणी न विचारताच म्हणाले. बेकरीवाल्याने सरकून जागा दिली आणि आपल्या दाढीतल्या गोल टकलावर बोट ठेवून, केस उगवायला लागलेत बघा, असं कौतुकाने दाखवलं.

आत डॉक्टरीणबाईंनी फोटोचा विषय काढला नाही, न्हाव्याच्या दुकानाचाही नाही. गालाला रोज काय काय लागतं ते त्यांनी विचारलं. पावडर, मफलर आणि ट्यूब, यांनी कबूल केलं. बाईंनी ट्यूब मागून घेतली, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. अशा कडक मलमाने कातडी पातळ होते आणि तिचा रंग उडतो, आणि लोक ते चेहऱ्याला लोण्यासारखं फासतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, दार लावलं आणि खोलीत मिट्ट काळोख केला.

काळोखात फोटोवाल्यांना जरा बरं वाटलं. तरुणपणी त्यांनी डार्करूममध्ये दिवसच्या दिवस काढले होते. बाईंनी एक जांभळट उजेडाचा दिवा पेटवून त्यांच्या गालाजवळ धरला आणि हातात आरसा दिला. डाग जरासा फिका दिसत होता, एवढंच.

"हे कोड नाही," बाई म्हणाल्या. "असतं तर असं दिसलं असतं."

आणि त्यांनी स्वतःचा हात त्या उजेडात धरला. बोटांवरचे डाग काळोखातून एकदम उजळून आले, निळसर पांढरे, कडा अगदी रेखीव. पूर्वी डार्करूममधल्या पाण्यात कागदावर हळूहळू चित्र उमटायचं, तेव्हा फोटोवाले श्वास रोखून बघायचे. तसेच ते बघत राहिले. आपला गाल, मुलीचं लग्न, व्याही, सगळं क्षणभर विसरले.

"फार सुंदर दिसतंय हो," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"दिवा बंद केला की लोक असं म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा सरकवला.

फोटोवाल्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. माझं चुकलं, मी नाही ते बोललो, असं ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, औषध मी घेतलं, काही डाग भरले, काही नाही भरले. हात लावल्याने ते कोणाला होत नाही, त्याने काही दुखत नाही, आणि पेशंटला कडक मलमापासून वाचवायला त्याची काहीच अडचण येत नाही. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की फोटोवाल्यांना आणखीच ओशाळं झालं.

मग बाईंचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. हा गळ्यात कशाला, असं त्यांनी विचारलं. यांनी कामासाठी म्हणून सांगितलं. बाईंनी तो डोळ्याला लावून दाखवायला सांगितलं. फोटोवाल्यांनी सवयीने कॅमेरा उचलून उजवा डोळा लावला, तसा कॅमेऱ्याच्या पाठीवरचा जाड रबराचा तुकडा गालावर बरोबर डागावर जाऊन बसला. मूळचं रबर झिजलं होतं म्हणून चार महिन्यांपूर्वी यांनीच तो कापून गोंदाने चिकटवला होता, आणि त्या अक्कलहुशारीवर ते खूशही होते. बाई इतक्या हसल्या की बाहेरून बेकरीवाल्याने काय झालं म्हणून विचारलं.

रबराची आणि त्या गोंदाची ॲलर्जी होती, बाकी काही नाही. रोज गाल घासून घासून आधी इसब उठलं, यांना ते दिसलंही नाही, आणि मग तिथली कातडी फिकी पडली. उरलेलं काम ट्यूबने केलं. रबर काढून टाका, हे साधं मलम लावा, उन्हात जाताना काळजी घ्या, रंग हळूहळू परत येईल, असं बाईंनी सांगितलं.

"रविवारच्या आत येईल का?"

"मी डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या, "फोटोवाली नाही."

रविवारी व्याही सहकुटुंब आले. फोटोवाल्यांनी मफलर कपाटात ठेवला होता, पावडरीचा डबा हातात घेऊन पुन्हा खाली ठेवला होता. खोलीत ते आधी जरा तिरपेच वावरत होते, डावा गाल पुढे करून. पण तपासनिसाची नजर ती. चहाचा कप हातात घेता घेता व्याह्यांनी विचारलंच की गालाला काय झालंय. स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं आणि मुलगी दारात येऊन उभी राहिली.

डाग आहे, फोटोवाले म्हणाले, औषध चालू आहे, वेळ लागेल.

"कोड?" व्याह्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

नाही म्हटलं की सुटका होती. ते खरंही होतं, आणि फोटोवाले त्यासाठी तोंड उघडणारच होते. पण त्यांना तो उजळलेला हात दिसला आणि त्यांचा आवाज त्यांच्याही नकळत चढला.

"कोड नाही. पण असतं, तरी हाच गाल घेऊन तुमच्याशेजारी उभा राहिलो असतो. ते काही लपवायचं दुखणं नाही. तुमच्या भिंतीला चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

बायकोने डोळे मिटून घेतले. झालं, जुळलेलं मोडलं, असं फोटोवाल्यांना वाटलं. मुलीकडे बघायचा त्यांना धीर होईना. व्याह्यांनी कप बशीत ठेवला. मग खाली वाकून त्यांनी आपला गुडघ्यापर्यंतचा मोजा हळूच घोट्यापर्यंत खाली केला. नडगीवर वीतभर लांबीचा लालसर, खवले धरलेला चट्टा होता.

"कित्येक वर्षं झाली," ते म्हणाले. "घरी हिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्या डॉक्टरीणबाई पायाचंही बघतात का हो?"

जावई आपल्या वडिलांच्या पायाकडे परका पाय असल्यासारखा बघत राहिला. मुलगी आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. बाबांच्या गालावरून जर कोणी नाही म्हटलं असतं ना, तर त्याच्या आधी मीच नाही म्हटलं असतं, असं तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं आणि ती चहा आणायला आत गेली. थोड्या वेळाने आतून गाणं ऐकू आलं. फोटोवाल्यांनी व्याह्यांना दवाखान्याचा पत्ता दिला, पाटी कशी ओळखायची तेही सांगितलं, आणि समोरच्याने येऊन सगळ्यांना ओळीत उभं केलं तेव्हा ते मधोमध, कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात समोरच्याने फोटो मोठा करून पाठवला. फोटोवाल्यांनी तो उलगडला, खिडकीशी नेला, चष्मा पुसून पाहिला आणि तसाच काखेत मारून रस्ता ओलांडला. समोरच्याच्या टेबलावर फोटो पसरून त्यांनी मधल्या तुकतुकीत माणसावर बोट ठेवलं.

"हे कोण?"

समोरचा गोंधळला. तुम्हीच की काका, तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम हात फिरवला, व्यवसायबंधू म्हणून, असं तो म्हणाला. फोटोवाल्यांनी मान हलवली. या माणसाला मी ओळखत नाही, त्याला माझ्या व्याह्याच्या भिंतीवर लावू नकोस, माझा होता तो गाल दे, असं त्यांनी सांगितलं.

"पुसलेलं परत आणायचं म्हणजे वेळ लागतो, काका."

"लागतोच," फोटोवाले म्हणाले, आणि स्टूल ओढून तिथेच बसले.